सळई कुठवर जाते? पाण्यावर तोललेल्या वाळूचं सिम्युलेशन

जलशुद्धीकरण केंद्रातल्या वाळूच्या फिल्टरमधून पाणी एरवी वरून खाली जातं. गाळ वाळूत अडकतो, खाली स्वच्छ पाणी निघतं. दिवस-दोन दिवसांत वाळू तुंबायला लागते आणि मग बॅकवॉश घ्यावा लागतो. म्हणजे पाणी उलटं, खालून वर सोडायचं. मी पहिल्यांदा बॅकवॉश बघायला गेलो तेव्हा तिथल्या ऑपरेटर काकांनी माझ्या हातात एक लांब सळई दिली. "आधी टोचून बघा." टोचली. चार बोटं आत गेली आणि अडली, अंगाचा भार टाकला तरी हलेना. मग काकांनी व्हॉल्व्ह उघडला. फिल्टरमधलं पाणी गढूळ होत चढलं, कडेच्या पन्हाळीतून वाहायला लागलं. दोन-तीन मिनिटांनी काका म्हणाले, "आता नुसती सोडा." सळई आपल्याच वजनानं खाली गेली, पातळ पिठल्यात पळी जावी तशी, आणि तळाच्या खडीवर खट्ट वाजली.

वाळू कुठे गेली नव्हती. तिथेच होती, फक्त बसलेली नव्हती. प्रत्येक दाण्याला खालून येणाऱ्या पाण्यानं तोलून धरलं होतं. या अवस्थेला फ्लुइडाइज्ड बेड म्हणतात. कोकणात एखाद्या झऱ्याच्या तोंडाशी बारीक वाळू खदखदताना पाहिली असेल, तर तोही एक छोटासा फ्लुइडाइज्ड बेडच. सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू वाळूवर वाढवायचे असोत, आयन (विद्युतभार असलेले कण) बदलणारी रेझिनं धुवायची असोत किंवा हलकं-जड खनिज वेगळं करायचं असो, कारखान्यात ही युक्ती जागोजागी वापरली जाते.

सळई का बुडाली हे समजायला कॉम्प्युटर लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. फिल्टरमध्ये ७० सेंटिमीटर वाळू आहे आणि तिच्यात ५८ टक्के जागा दाण्यांनी, ४२ टक्के पोकळीनं व्यापली आहे असं धरू. वाळूची घनता पाण्याच्या २.६५ पट, म्हणजे पाण्यात बुडालेल्या दाण्याचं जाणवणारं वजन तेवढ्याच पाण्याच्या १.६५ पट. ७० गुणिले ०.५८ गुणिले १.६५ केलं की ६७ येतात. पाण्यानं खालून वर जाताना ६७ सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब वाळूत खर्च केला की वाळूचं सगळं वजन पाण्यानं उचललेलं असतं. त्याच्या आधी थर घट्ट असतो आणि वेग वाढेल तसा दाबाचा खर्च वाढत जातो (किती वाढतो हे सांगणारं सबरी एर्गन यांचं १९५२ सालचं सूत्र आजही वापरात आहे). त्याच्या पुढे मात्र व्हॉल्व्ह आणखी उघडला तरी खर्च ६७ च्या आसपासच थांबतो. वाळूला उचलून झालं, आता आणखी काय उचलणार? पाणी वाढलं की थर फुगतो, दाण्यांमधली जागा वाढते, एवढंच.

अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या वाळूसाठी हा उचलला जाण्याचा वेग सेकंदाला तीन-चार मिलिमीटर भरतो. मुंगीच्या चालीपेक्षाही कमी.

आणि आता थोडं गमतीचं. अशा सैल झालेल्या वाळूची सरासरी घनता पाण्याच्या जवळपास १.९ पट असते आणि ती त्या घनतेच्या द्रवासारखीच वागते. म्हणून लोखंडी सळई बुडते, पण त्याच वाळूत लाकडी काठी खुपसून सोडली तर ती वर ढकलली जाईल. हे लक्षात ठेवा, पुढे अँथ्रासाइट कोळशाच्या गोष्टीत लागेल.

थर किती फुगतो याचंही सूत्र आहे. १९५४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या रिचर्डसन आणि झाकी यांनी ते मांडलं. एकटा दाणा स्थिर पाण्यात सोडला तर तो ज्या वेगानं पडतो तो वेग घ्या. थरातून वर जाणाऱ्या पाण्याच्या वेगाला त्यानं भागा. जे उत्तर येतं ते म्हणजे पोकळीच्या प्रमाणाचा एक ठरावीक घात. हा घात बारीक, सावकाश पडणाऱ्या दाण्यांसाठी ४.६५ च्या जवळ आणि मोठ्या, वेगानं पडणाऱ्या दाण्यांसाठी २.४ च्या जवळ असतो. ०.६ मिलिमीटरचे गोल दाणे आणि २० अंशांचं पाणी धरून मी आकडे टाकले. सेकंदाला १५ मिलिमीटर वेग दिला की ७० सेंटिमीटरचा थर सुमारे ८७ सेंटिमीटर होतो, म्हणजे २५ टक्के फुगतो. तोच वेग ठेवून पाणी १० अंशांचं घेतलं तर ३४ टक्के, ३० अंशांचं घेतलं तर १९ टक्केच. गार पाणी जास्त चिकट असतं, दाण्यांना जास्त जोरानं ओढतं. थंड देशातल्या पुस्तकातला बॅकवॉशचा वेग उचलून आपल्या उन्हाळ्यात वापरला तर वाळू पुरेशी सैलच होणार नाही.

मग एवढं सगळं दोन सूत्रांत मिळत असताना सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर वाळू-पाण्याची नक्कल, कशाला?

कारण ही सूत्रं सरासरीची आहेत. खऱ्या फिल्टरमध्ये त्रास सरासरीमुळे होत नाही. एका कोपऱ्यातून पाणी जास्त येतं, दुसऱ्या कोपऱ्यात वाळू घट्टच राहते आणि तिथे चिखलाचे गोळे धरतात. बारीक दाणे वर जमतात आणि पन्हाळीतून वाहून जातात. दोन थरांची सरमिसळ होते. कुठला दाणा कुठे गेला, हे पोकळीच्या सरासरी प्रमाणात दिसत नाही.

दाणे मोजायला गेलं तर छाती दडपते. ०.६ मिलिमीटरचे दाणे धरले तर एक लिटर वाळूत ५० लाखांवर दाणे. फिल्टरच्या एका चौरस मीटरखाली ७० सेंटिमीटर वाळू असेल तर साडेतीनशे कोटींवर. म्हणजे भारताच्या लोकसंख्येच्या दुपटीहून जास्त, आणि तेही एका चौरस मीटरमध्ये. यातल्या प्रत्येकाचा हिशेब ठेवायचा की नाही, यावरून सिम्युलेशनचे तीन रस्ते फुटतात.

दिवे घाटातली वारी ड्रोनमधून पाहिली की माणसं दिसत नाहीत, वळणावळणानं वाहणारा एक प्रवाह दिसतो. पहिला रस्ता तसा आहे. दाणे विसरा. वाळू हाही एक द्रव समजा, पाणी हा दुसरा द्रव, आणि दोघं एकाच जागेत एकमेकांत मिसळून वाहत आहेत असं धरा. प्रत्येक ठिकाणी किती टक्के वाळू, किती टक्के पाणी, दोघांचे वेग काय, एवढंच सोडवायचं. या समीकरणांची नीट बांधणी अँडरसन आणि जॅक्सन यांनी १९६७ मध्ये केली. अख्खा फिल्टर, अख्खा रिअॅक्टर असा फक्त याच रस्त्यानं परवडतो. अडचण ही की वाळू हा द्रव नाही. वाळूचा 'चिकटपणा' किती, वाळूचा 'दाब' किती, हे कोणीतरी बाहेरून सांगावं लागतं.

दुसरा रस्ता घाटात उतरतो. प्रत्येक वारकरी वेगळा: हा कुठे आहे, कोणाला खेटतोय, पुढचं पाऊल कुठे. दाण्यांना न्यूटनचा नियम लावायचा, दोन दाणे टेकले की त्यांच्यामध्ये एक स्प्रिंग आणि एक डॅम्पर (हालचालीचा जोर जिरवणारा) आहे असं मानायचं. ही पद्धत मुळात रासायनिक अभियांत्रिकीची नाहीच, ती आली माती आणि खडकांच्या अभ्यासातून. कंडॉल आणि स्ट्रॅक यांचा १९७९ चा लेख तिचा पाया मानला जातो. १९९३ मध्ये जपानमध्ये त्सुजी आणि सहकाऱ्यांनी ती फ्लुइडाइज्ड बेडला जोडली, तेव्हा दाणे हवेत होते. पाण्याचा हिशेब मात्र इथेही जाडाभरडाच असतो. हिशेबासाठी पाण्याची जागा जाळीसारखी छोट्या घरांत कापतात. या जाळीतलं, म्हणजे ग्रिडमधलं, एक घर म्हणजे एक सेल. तो दाण्याच्या काही पट मोठा, त्यात अनेक दाणे. दाण्याच्या अगदी भोवती पाणी कसं वळतं ते दिसत नाही. म्हणून पाणी दाण्याला किती ओढतं हे इथेही सूत्रानंच सांगावं लागतं. या ओढीला ड्रॅग म्हणतात.

इथली एक लबाडी सांगतो, सगळेच करतात. वाळूचा दाणा खरोखर इतका कडक आहे की त्याचा खरा कडकपणा घातला तर दोन दाण्यांची टक्कर मायक्रोसेकंदांत संपते, आणि कोडला त्याहूनही लहान पावलं टाकावी लागतात. दहा सेकंदांचा बॅकवॉश मोजायला महिने जातील. म्हणून स्प्रिंग मुद्दाम मऊ करायची, हजारपटीनंही. दाणे जणू रबरी होतात. पाणी सावकाश असेल आणि दाणे एकमेकांत फारसे रुतत नसतील तर उत्तरात फरक पडत नाही. पडत नाही ना, हे मात्र स्प्रिंग एकदा आणखी मऊ आणि एकदा कडक करून बघायलाच हवं. ते बघायचा कंटाळा येतो.

तिसरा रस्ता म्हणजे काहीच न विसरणं. प्रत्येक दाण्याच्या पृष्ठभागावरून पाणी कसं सरकतं तेही सोडवायचं. ड्रॅगचं सूत्र लागत नाही, ड्रॅग आपोआप बाहेर येतो. किंमत? दाण्याच्या व्यासात २० सेल बसवायचे ठरवले तर एक लिटर थरासाठी सुमारे ३,७०० कोटी सेल. हे काम दाण्यांच्या छोट्या नमुन्यावर होतं, फिल्टरवर नाही.

हवेसाठी लिहिलेला कोड पाण्याला तसाच लावता येईल असं मला सुरुवातीला वाटायचं. येत नाही, आणि का येत नाही हे सगळ्यात रंजक आहे. हवेत दाण्याला वेग देताना फक्त दाणा हलवावा लागतो. पाण्यात दाण्याभोवतीचं पाणीही हलवावं लागतं. गोल दाण्यासाठी हे जादा ओझं त्यानं बाजूला सारलेल्या पाण्याच्या निम्म्याइतकं असतं. वाळूच्या बाबतीत तिच्या स्वतःच्या वस्तुमानाच्या जवळजवळ १९ टक्के. हवेत हाच आकडा शून्याच्या इतका जवळ असतो की कोणी तो लिहीतही नाही.

दुसरी गोष्ट टकरीची. ओल्या ओट्यावर स्टीलचं ताट सपाट ठेवून बघा. शेवटच्या क्षणी ते अधांतरी सरकतं, चटकन टेकत नाही, कारण मधल्या पाण्याला बाहेर पळायला वेळ लागतो. दोन दाणे जवळ येतात तेव्हाही तसंच होतं. मधली पाण्याची फिल्म जितकी पातळ, तितकं तिला पिळून बाहेर काढणं अवघड. दाण्याचा आवेग आणि पाण्याचा चिकटपणा यांचं एक गुणोत्तर आहे, त्याला स्टोक्स अंक म्हणतात. प्रयोगांत असं दिसलंय की तो साधारण १० च्या खाली असेल तर दाणा टक्कर झाल्यावर उसळतच नाही, नुसता टेकतो. आपल्या वाळूचे दाणे सेकंदाला १० मिलिमीटरनं एकमेकांकडे आले तर हा अंक दोनच्याही खाली येतो. म्हणजे बॅकवॉशमध्ये वाळू कॅरमच्या सोंगट्यांसारखी टणाटण आपटत नसते. दाणे एकमेकांना पाण्याच्या उशीवरून ढकलत असतात. टणाटण आपटणाऱ्या दाण्यांवर बेतलेले सिद्धांत पहिल्या रस्त्यावर, म्हणजे वाळूला द्रव मानणाऱ्या मॉडेलमध्ये, सर्रास वापरले जातात. हवेत ते शोभतात. पाण्यात मला ते उसने कपडे वाटतात.

आता माझी फजिती. दुसऱ्या रस्त्यानं केलेला माझा पहिला रन जमला तेव्हा मी हरखून गेलो होतो. पाण्याचा वेग पाच वेळा बदलला, थर किती फुगला ते मोजलं, आणि माझे पाचही ठिपके रिचर्डसन-झाकीच्या रेषेवर जाऊन बसले. ग्राफ घेऊन मी गाईड मॅडमकडे गेलो.

"ड्रॅगचं सूत्र कुठलं घातलंस?"

"वेन आणि यू, मॅडम. १९६६ चं."

"आणि त्यांनी ते कशावरून काढलं?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी ते बसवलं होतं थर किती फुगतो याच्या प्रयोगांवरूनच. मॅडम हसल्या नाहीत, ते जास्त लागलं. "म्हणजे थर किती फुगतो ते तू आत घातलंस, आणि थर किती फुगतो ते बाहेर काढलंस. मधे कॉम्प्युटर तीन दिवस तापला."

तेव्हापासून कुठलंही सिम्युलेशन बघताना मी आधी एकच विचारतो: यात काय घातलंय? प्रयोगाशी काय जुळतंय हा प्रश्न त्यानंतर. पडद्यावर रंगीत दाणे झुळझुळताना दिसले की पाहणारा विरघळतो, मीही विरघळतो. पण घातलेलंच परत मिळालं असेल तर तो पुरावा नाही, पावती आहे.

या कसोटीवर उतरणारं एक काम मला फार आवडतं. पॅन, जोसेफ, ग्लोविन्स्की आणि सहकाऱ्यांचा २००२ चा लेख, विषय फक्त १,२०४ गोळ्या. दोन तक्त्यांच्या मधे एकच थर मावेल अशी चपटी, अरुंद पेटी. प्रयोगही तिच्यात आणि सिम्युलेशनही तिचंच, गोळी-गोळीचं. ड्रॅगचं कोणतंही सूत्र घातलेलं नाही, फक्त पाण्याची आणि गोळ्यांच्या हालचालीची मूळ समीकरणं. आणि त्यातून वेग आणि पोकळी यांचा घाताचा नियम आपणहून बाहेर आला, रिचर्डसन-झाकीच्याच जातीचा. माझ्या पाच ठिपक्यांत आणि यात हाच फरक. साडेतीनशे कोटी कुठे आणि बाराशे कुठे, पण हे बाराशे कमावलेले आहेत.

दुसरं उदाहरण लाटांचं. पाण्याऐवजी हवेनं दाणे तोललेल्या बेडमध्ये बुडबुडे फुटतात, उकळत्या आमटीसारखा धिंगाणा असतो. पाण्याचा बेड शहाणा दिसतो. पण अरुंद नळीत काचेचे मणी तोलून धरले आणि मागून दिवा लावला की दिसतं: फिकट आणि गडद पट्टे एकामागून एक वर चढत असतात. फिकट पट्ट्यात दाणे विरळ, गडद पट्ट्यात दाट. दाण्यांची गर्दी वाहतुकीच्या कोंडीसारखी जागा बदलत जाते, दाणे मात्र जवळपास तिथल्या तिथेच खालीवर होत राहतात. फ्रान्समध्ये दुरू, ग्वाझेली आणि सहकाऱ्यांनी या लाटांचा आकार बारकाईनं मोजला होता. २००७ मध्ये डर्क्सन आणि सुंदरेसन यांनी तिसऱ्या रस्त्यानं अशा लाटा कॉम्प्युटरमध्ये उठवल्या आणि त्या प्रयोगातल्या लाटांशी ताडून पाहिल्या. त्यांची पेटी छोटी आणि विनाभिंतीची होती. वरून बाहेर पडलेला दाणा खालून आत येतो, जुन्या नोकियावरच्या सापासारखा. लाट कोणी घातली नव्हती, ती उठली. अर्थात इथेही सगळंच आपोआप झालं नाही. दोन दाण्यांमधली फिल्म ग्रिडच्या सेलपेक्षा पातळ झाली की कोड आंधळा होतो, तिथला जोर सूत्रानंच द्यावा लागतो. प्रामाणिक लेखात हे लिहिलेलं असतं.

तिसरी कसोटी आपल्या फिल्टरच्या जवळची. अनेक केंद्रांत वाळूवर अँथ्रासाइट कोळशाचा थर असतो: दाणे मोठे पण हलके. बॅकवॉशनंतर अँथ्रासाइट वर आणि वाळू खाली, असंच बसायला हवं. बसतं, कारण मघाशी पाहिलं तसं सैल वाळू म्हणजे १.९ घनतेचा द्रव, आणि अँथ्रासाइट त्याहून हलका. पण पाण्याचा वेग वाढवत नेला तर? बारीक, जड दाण्यांचा थर मोठ्या, हलक्या दाण्यांच्या थरापेक्षा झपाट्यानं फुगतो. फुगला की सरासरीनं हलका होतो. एका वेगाला दोन्ही थरांची सरासरी घनता सारखी होते आणि दाणे मिसळतात. त्याच्याही पुढे गेलं तर थर चक्क उलटतात, जड दाणे वर आणि हलके खाली. १९८२ मध्ये जपानी संशोधकांनी कोळशाचे आणि काचेचे दाणे घेऊन हे दाखवलं. माटुंग्याच्या आयसीटीमध्ये (रसायन तंत्रज्ञान संस्थेत) ज्येष्ठराज जोशी यांनी द्रवातल्या फ्लुइडाइज्ड बेडवर अनेक वर्षं काम केलं आहे. २००९ मध्ये रेड्डी आणि जोशी यांनी एकाच प्रकारच्या आणि मिश्र दाण्यांच्या बेडची सिम्युलेशनं पहिल्या रस्त्यानं, म्हणजे वाळूला द्रव मानून, मांडली. थर उलटण्याची कसोटी मला कडक वाटते, कारण ड्रॅग थोडा जरी चुकला तरी उलटण्याचा वेग बराच सरकतो. सरासरी उंचीत झाकली जाणारी चूक इथे उघडी पडते.

सध्या माझ्याकडे वाळू आणि अँथ्रासाइट यांचाच रन चालू आहे, दुसऱ्या रस्त्यानं, तळहाताएवढ्या चौकोनी उभ्या पेटीत. मॅडमच्या सवयीप्रमाणे वहीत पान उभं दुमडून दोन रकाने केलेत, 'घातलं' आणि 'मिळालं'. 'घातलं'मध्ये दाण्यांचे व्यास, घनता, पाण्याचं तापमान, ड्रॅगचं सूत्र, मऊ केलेली स्प्रिंग, फिल्मची किमान जाडी, आणि तळाच्या नोझलमधून पाणी सगळीकडे सारखंच येतं ही समजूत. रकाना पानाखाली उतरलाय. 'मिळालं'मध्ये एकच ओळ आहे, तीही पेन्सिलनं: वेग वाढला की अँथ्रासाइटचा खालचा पदर वाळूत उतरायला लागतो. कोणत्या वेगाला, ते फिल्टरमध्ये पाइप खुपसून काढलेल्या नमुन्याशी अजून ताडायचं आहे. काकांना तसा निरोप दिलाय.